टॉक्सो पॉझिटिव्ह आणि पोटात बाळ: आधी रिपोर्ट नीट वाचा, मग औषधाला उशीर करू नका

आपल्याकडे टॉर्च टेस्टचं (पोटातल्या बाळाला धोका असलेली टॉक्सोसारखी काही इन्फेक्शनं शोधणारी रक्ततपासणी) एक वेगळंच चाललंय. एकदोन मिसकॅरेज झाले की लिहून दिली टॉर्च, दिवस राहिले की लिहून दिली टॉर्च, मग रिपोर्टात टॉक्सोप्लाझ्मा आयजीजीपुढे ठळक अक्षरात पॉझिटिव्ह दिसतं आणि संध्याकाळपर्यंत सासर-माहेर दोन्हीकडे फोन झालेले असतात, घरातली मांजर कुठेतरी सोडून यायची चर्चा सुरू होते. आणि यात दोन्हीकडून नुकसान होतं. ज्या बाईला दहा वर्षांपूर्वीचं जुनं इन्फेक्शन आहे ती बिचारी महिनोन्महिने महागड्या गोळ्या खाते ज्यांची तिला काडीची गरज नाही, आणि जिला खरंच आत्ता, या गरोदरपणात पहिल्यांदा इन्फेक्शन झालंय तिचे मोलाचे तीनचार आठवडे "बघू पुढच्या व्हिजिटला" मध्ये जातात. म्हणून हा लेख क्रमाने लिहितेय, कारण या आजारात क्रमालाच महत्त्व आहे. डोस वगैरे पण लिहिलेत, पण ते तुमच्या डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन समजून घ्यायला, स्वतः मेडिकलमधून आणून खायला नाही.

आधी आजार थोडक्यात. टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय हा एकपेशीय परजीवी. मांजराच्या विष्ठेतून माती, पाणी, भाजीवर जातो, आणि बकरा-डुक्कर-कोंबडी अशा प्राण्यांच्या मांसात सिस्ट होऊन, म्हणजे स्वतःभोवती कवच करून, बसतो. तब्येतीने धडधाकट माणसाला झाला तर बहुतेक वेळा कळतही नाही, कधी बारीक ताप, मानेत गाठी, आठ-पंधरा दिवस थकवा, बस. नंतर तो शरीरात आयुष्यभर झोपून राहतो आणि रक्तात अँटीबॉडी पण आयुष्यभर राहतात. बाळाला धोका कधी, तर आईला आयुष्यातलं पहिलं इन्फेक्शन गरोदरपणात झालं तर, कारण तेव्हा रक्तात फिरणारा परजीवी वारेतून बाळाकडे जाऊ शकतो. दिवस राहायच्या खूप आधी होऊन गेलं असेल तर आईच्या अँटीबॉडी बाळाला सांभाळतात. अपवाद फक्त एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपण किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी जोरदार औषधं चालू असलेल्या बायकांचा, त्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं.

पहिली पायरी: रिपोर्टातल्या दोन ओळी एकत्र वाचा

आयजीजी आणि आयजीएम, म्हणजे दोन प्रकारच्या अँटीबॉडी: आयजीएम आधी चढतं आणि पुढे उतरतं, आयजीजी आयुष्यभर राहतं. एकटी कुठलीच ओळ वाचायची नाही.

दोन्ही निगेटिव्ह: तुम्हाला कधीच झालेलं नाही. ऐकायला छान वाटतं, पण याचा अर्थ संरक्षणही नाही. २०१४ साली भारतभरच्या बायकांचा एक अभ्यास आला होता, त्यात साधारण २२ टक्के बायकांमध्ये आयजीजी सापडलं, दक्षिणेत ३७ टक्क्यांच्या आसपास आणि आपल्या पश्चिम भारतात जेमतेम ९. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक जणी याच गटात येतात आणि त्यांच्यासाठी औषध नाही, काळजी हाच उपाय. ती खाली सांगते.

आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह: पहिल्या चार-साडेचार महिन्यांत असा रिपोर्ट आला तर जुनं इन्फेक्शन, विषय संपला, गोळ्या नकोत. आयजीजीचा आकडा मोठा आला म्हणून घाबरू नका, एका रिपोर्टातला मोठा आकडा इन्फेक्शन नवं की जुनं ते सांगत नाही. हाच रिपोर्ट आठव्या महिन्यात पहिल्यांदा केला असेल तर मात्र इतकं ठामपणे म्हणता येत नाही, कारण सुरुवातीच्या महिन्यांत होऊन आयजीएम तोवर उतरलं असू शकतं.

आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह: एकतर अगदी ताजं, नाहीतर टेस्ट खोटी. दोनतीन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये परत रक्त द्यायचं. लॅब बदलायची नाही, प्रत्येकाचं किट वेगळं, आकडे जुळत नाहीत. दुसऱ्या वेळी आयजीजी चढलं तर इन्फेक्शन खरं आणि नवं. नाही चढलं तर आयजीएम खोटं होतं.

दोन्ही पॉझिटिव्ह: इथेच सगळा घोळ होतो. आयजीएम म्हणजे ताजं असं आपण शिकलेलो असतो, पण टॉक्सोचं आयजीएम काही जणींच्या रक्तात वर्षभर किंवा त्याहून जास्त रेंगाळतं. त्यामुळे दोन्ही पॉझिटिव्ह म्हणजे "शोध घ्या", लगेच "बाळाला झालंय" नाही, आणि या एका रिपोर्टवर गर्भपाताचा सल्ला कुणी दिला तर सरळ दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांबद्दल पण सांगते. पहिलं इन्फेक्शन आयुष्यात एकदाच होतं, त्यामुळे टॉक्सोमुळे एखादा गर्भपात होऊ शकतो, पण पाठोपाठ तीन गर्भपातांचं कारण टॉक्सो नसतं. तिथे आयजीजी पॉझिटिव्ह धरून गोळ्या देत बसलं की खरं कारण, थायरॉइड, गर्भाशयाचा आकार, रक्त गोठण्याचे दोष, क्रोमोझोम, हे शोधायचं राहून जातं.

दुसरी पायरी: अव्हिडिटी टेस्ट, आणि शक्यतो औषध सुरू व्हायच्या आधी

आयजीजी अव्हिडिटी ही टेस्ट मोठ्या लॅबमध्ये होते, गावातल्या कलेक्शन सेंटरला सांगितलं तर ते सॅंपल पुढे पाठवतात. अँटीबॉडी नवीन असताना परजीवीला सैल पकडते, महिने गेले की पकड घट्ट होते, ती घट्टाई मोजायची, इतकंच.

हाय अव्हिडिटी आली तर इन्फेक्शन किमान तीनचार महिने जुनं. दहा-बारा आठवड्यांच्या गरोदरपणात हाय आली म्हणजे दिवस राहायच्या आधीचं आहे, निवांत राहा. तीच टेस्ट अठ्ठाविसाव्या आठवड्यात केली आणि हाय आली तर ती फक्त मागच्या चार महिन्यांबद्दल सांगते, त्याआधी म्हणजे पहिल्या तिमाहीत झालं असेल का याचं उत्तर तिच्याकडे नाही. म्हणून ही टेस्ट सोळा आठवड्यांच्या आत झाली तर तिचा खरा उपयोग.

लो आली तर लगेच ताजं समजायचं नाही, काही जणींची पकड वर्षभर सैलच राहते. लो म्हणजे शक्यता आहे, धरून चाला. आणि औषधांमुळे ही घट्टाई वाढायला वेळ लागू शकतो, म्हणून सॅंपल आधी, गोळी नंतर. पण सॅंपल दिलं की रिपोर्ट यायला आठवडा लागणार असेल तर तोवर गोळीसाठी थांबायचं नाही, ती कुठली ते चौथ्या पायरीत.

मागच्या बाळंतपणाची फाइल घरात असेल तर शोधून काढा. त्यात आयजीजी पॉझिटिव्ह दिसलं तर सगळी धावपळ तिथेच थांबते.

तिसरी पायरी: कितव्या आठवड्यात झालं

हे नीट समजून घ्या, पुढचं सगळं यावर आहे. गरोदरपण जितकं पुढे तितकं बाळापर्यंत जाण्याची शक्यता जास्त, पण जितकं लवकर तितकं बाळाचं नुकसान मोठं. युरोप आणि इतर ठिकाणच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशोब २००७ मध्ये आला, त्यानुसार आईला १३ व्या आठवड्यात झालं तर बाळाला होण्याची शक्यता १५ टक्के, २६ व्या आठवड्यात ४४, आणि ३६ व्या आठवड्यात ७१. उलट पहिल्या तिमाहीत बाळाला झालंच तर मेंदूत पाणी साचणं, मेंदूत कॅल्शियमचे ठिपके, डोळ्याच्या पडद्यावर व्रण, कधी पोटातच दगावणं, आणि शेवटच्या महिन्यात झालेलं बाळ बहुतेक वेळा जन्मतः अगदी ठणठणीत दिसतं. दिसतं म्हणतेय, कारण डोळ्यांचा त्रास पुढे कधीतरी निघू शकतो.

चौथी पायरी: स्पायरामायसिन

इन्फेक्शन अठराव्या आठवड्याच्या आत झालंय असं वाटतंय तर पहिलं औषध हे. काही देशांत ही सीमा चौदा-सोळा आठवडे धरतात, त्यामुळे तुमचे डॉक्टर थोडं वेगळं म्हणाले तर गोंधळू नका. डोस साधारणपणे ३० लाख युनिटची एक गोळी दर आठ तासांनी, म्हणजे दिवसाला तीन, ९० लाख युनिट. आपल्याकडे रोवामायसिन नावाने मिळते. उपाशीपोटी घ्यायची, जेवणाबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही, आणि तीन वेळा म्हणजे खरंच आठ-आठ तासांनी, सकाळ-दुपार-संध्याकाळ उरकून टाकायची नाही. मळमळ, पोटात कालवणं, पातळ जुलाब होऊ शकतात. हृदयाच्या ठोक्यांचा जुना त्रास असेल किंवा त्याच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा.

ही गोळी काय करते ते कळलं पाहिजे. ती वारेत साठते आणि परजीवीला पलीकडे जाऊ द्यायचं नाही असा पहारा देते. पण ती स्वतः बाळापर्यंत पुरेशी पोचत नाही, त्यामुळे बाळाला आधीच झालं असेल तर तिने उपचार होत नाही. "स्पायरामायसिन चालू आहे ना, मग झालं" असं धरून पुढची टेस्ट टाळू नका.

किती उपयोग होतो? प्रामाणिकपणे, पुरावा लोखंडासारखा पक्का नाही. पण त्या २००७ च्या हिशोबात इन्फेक्शन झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत उपचार सुरू झालेल्यांमध्ये बाळाला होण्याचं प्रमाण कमी दिसलं, उशिरा सुरू केलेल्यांमध्ये तितका फरक नाही. फ्रान्समध्ये निगेटिव्ह बाईची दर महिन्याला टेस्ट करतात म्हणून त्यांना नवं इन्फेक्शन लगेच सापडतं. आपल्याकडे तशी सरसकट तपासणी नाही, एकदाच टॉर्च होते, त्यामुळे सापडलं की वेळ न घालवणं एवढंच आपल्या हातात.

पाचवी पायरी: गर्भजलाची पीसीआर टेस्ट

बाळाला खरंच झालंय का हे सांगणारी टेस्ट ही. सोनोग्राफीत बघत बघत पोटातून बारीक सुईने थोडं गर्भजल काढतात आणि त्यात परजीवीचा डीएनए शोधतात. दोन अटी लक्षात ठेवा: गरोदरपणाचे १८ आठवडे पूर्ण झालेले हवेत, आणि आईला इन्फेक्शन होऊन किमान चार आठवडे झालेले हवेत. घाईत आधी केली तर परजीवी अजून पलीकडे गेलेला नसतो, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि फसवतो.

सुईची भीती सगळ्यांनाच वाटते. अनुभवी फीटल मेडिसिनवाल्या (पोटातल्या बाळाच्या तज्ज्ञ) डॉक्टरांच्या हातून केली तर गर्भ पडण्याचा धोका शंभरात एकाहूनही कमी. ही तपासणी पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदानावर बंदी घालणाऱ्या) कायद्यात येते म्हणून नोंदणी असलेल्या सेंटरवरच होते, आणि 'फॉर्म जी' नावाच्या फॉर्मवर तुमची लेखी संमती घेतात, तो फॉर्म तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असायला हवा, वाचून सही करा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारा, हे गडबडीत विसरलं जातं.

एक गंमत नाही, वैतागाची गोष्ट अशी की ॲम्निओ (हीच गर्भजल काढायची तपासणी) केल्यावर लॅबला नुसतं "क्रोमोझोम तपासणी" लिहून जातं आणि टॉक्सो पीसीआर राहतं. सॅंपल जाण्याआधी फॉर्मवर टॉक्सोप्लाझ्मा पीसीआर लिहिलंय का ते नवऱ्याला बघायला सांगा.

निगेटिव्ह आली आणि सोनोग्राफी नॉर्मल, तर बहुतेक डॉक्टर स्पायरामायसिन डिलिव्हरीपर्यंत चालू ठेवतात, कारण नंतर वारेतून जायची शक्यता उरते. पॉझिटिव्ह आली तर पुढची पायरी.

सहावी पायरी: तीन औषधांचा कोर्स

पायरिमेथामिन, सल्फाडायझिन आणि फोलिनिक ॲसिड. ही औषधं वार ओलांडून बाळापर्यंत पोचतात, म्हणजे हा बाळाचा उपचार. पीसीआर पॉझिटिव्ह आली, सोनोग्राफीत खुणा दिसल्या, किंवा आईला इन्फेक्शनच अठराव्या आठवड्यानंतर झालंय, तर हा कोर्स. पहिल्या तिमाहीत पायरिमेथामिन चालत नाही, बाळात व्यंग होऊ शकतं.

प्रौढ गरोदर बाईला नेहमीचा डोस असा: पायरिमेथामिन ५० मिग्रॅ दिवसातून दोनदा दोन दिवस, नंतर रोज ५० मिग्रॅ. सल्फाडायझिन पहिला डोस वजनाच्या दर किलोला ७५ मिग्रॅ, मग दर किलोला ५० मिग्रॅ दर बारा तासांनी, दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम. फोलिनिक ॲसिड १० ते २० मिग्रॅ रोज, आणि पायरिमेथामिन बंद झाल्यावर पण एक आठवडा.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. मेडिकलवाला "फोलिनिक नाहीये, फोलिक देतो, एकच असतं" म्हणतो. एकच नसतं! पायरिमेथामिन शरीरातलं फोलेटचं काम बंद पाडतं, तेव्हा साध्या फोलिकचा उपयोग होत नाही, फोलिनिकच लागतं, नाहीतर रक्तपेशी भराभर उतरतात. हे ल्युकोव्होरिन नावाने मिळतं आणि कॅन्सरच्या औषधांच्या दुकानात हमखास असतं. रोजची लोह-फोलिकची गोळी चालू ठेवायची का ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. सल्फाडायझिन पण प्रत्येक मेडिकलला नसतं, मागवावं लागतं, तेव्हा पीसीआरचा रिपोर्ट यायच्या आधीच दोनतीन ठिकाणी चौकशी करून ठेवा. मलेरियासाठीची सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनची गोळी किंवा को-ट्रायमॉक्सॅझोल पर्याय म्हणून देतात काही डॉक्टर, पण ते त्यांनी ठरवायचं, काउंटरवर बसलेल्या मुलाने नाही.

कोर्स चालू असताना:

- सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) दर आठवड्याला. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट उतरल्या तर डॉक्टर औषध थांबवतात किंवा फोलिनिक वाढवतात.
- पाणी भरपूर प्या, सल्फाचे खडे मूत्रपिंडात बसतात. लघवी गडद झाली, कमी झाली, कंबरेत कळ आली तर लगेच सांगा.
- अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप आला तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी दाखवा. सल्फाची ॲलर्जी आधी कधी झाली असेल तर सुरू करण्याआधीच बोला.
- जी-६-पीडी (रक्तपेशींना सांभाळणारं एक एन्झाइम) ची टेस्ट आधी झालेली बरी, त्याची कमतरता असेल तर सल्फाने रक्तपेशी फुटतात.

फ्रान्समध्ये याच दोन उपचारांची तुलना करणारा अभ्यास २०१८ मध्ये आला, १४३ बायका होत्या. तीन औषधांच्या गटात १८.५ टक्के बाळांना इन्फेक्शन गेलं, स्पायरामायसिनच्या गटात ३०. अभ्यास लवकर थांबल्याने हा फरक पक्का म्हणता आला नाही, पण सोनोग्राफीत मेंदूच्या खुणा पहिल्या गटात एकाही बाळात नव्हत्या आणि दुसऱ्या गटात सहा बाळांत होत्या. माझ्या मते अठरा आठवड्यांनंतरच्या नव्या इन्फेक्शनला नुसत्या स्पायरामायसिनवर ठेवलं असेल तर डॉक्टरांना शांतपणे कारण विचारायला हरकत नाही.

सोनोग्राफी आणि अवघड निर्णय

दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी, शक्यतो एकाच तज्ज्ञाकडे. मेंदूतल्या पोकळ्या रुंदावल्यात का, ठिपके आहेत का, लिव्हर मोठं, पोटात पाणी, वार जाड, वाढ कमी, हे बघतात. पीसीआर पॉझिटिव्ह पण सोनोग्राफी नॉर्मल राहिली तर उपचार घेऊन बरीचशी मुलं छान वाढतात, हे घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा, कारण पॉझिटिव्ह शब्द ऐकून लोक थेट टोकाला जातात. मेंदूत मोठे बदल दिसले तर तो निर्णय जोडप्याचा, फीटल मेडिसिन आणि बालरोगतज्ज्ञ दोघांशी बोलून. २०२१ च्या बदललेल्या कायद्याप्रमाणे २४ आठवड्यांनंतर गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाची परवानगी लागते, म्हणून तपासण्या रेंगाळू देऊ नका.

निगेटिव्ह असलेल्यांनी काय करायचं

मांजर घराबाहेर काढायची गरज नाही. मांजर सहसा आयुष्यात एकदाच, पहिल्या इन्फेक्शननंतर एक ते तीन आठवडे या परजीवीची अंड्यांसारखी बीजं विष्ठेतून टाकते, आणि टाकल्यावर ते रोगकारक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराचं रेतीचं तसराळं रोज साफ करायचं, आणि ते दुसऱ्या कुणीतरी. तिला कच्चं मटण-मासे घालू नका. तिला हात लावल्याने, मांडीवर घेतल्याने सहसा काही होत नाही.

मटण-चिकन आतला गुलाबीपणा जाईपर्यंत शिजवायचं, खिमा जास्त काळजीने, आणि मीठ-मसाला बघायला अर्धं शिजलेलं चाखायचं नाही (ही सवय किती घरांत आहे!). कच्चं मटण कापलेली सुरी-विळी-पाट साबणाने धुवून मगच कोशिंबिरीला. शाकाहारी आहोत म्हणून सुटलो असंही नाही, २००४ मध्ये कोइमतूरला डोळ्यांच्या टॉक्सोची साथ आली होती आणि तिचा संबंध शहराच्या पाण्याशी जोडला गेला. क्लोरीनने हा मरत नाही, उकळलेल्या पाण्याने मरतो. कोथिंबीर, पालक, गाजर वाहत्या पाण्याखाली चोळून. कुंड्या किंवा परसातली माती हाताळताना हातमोजे. बकरीचं दूध न तापवता नको.

बाळ आल्यावर

डिलिव्हरीच्या आधीच बालरोगतज्ज्ञांना फाइल दाखवा. आई शेवटपर्यंत सल्फा घेत असेल तर बाळाची कावीळ जास्त बारकाईने बघतात. बाळाच्या स्वतःच्या रक्तात आयजीएम आणि आयजीए, डोळ्याचा पडदा, डोक्याची सोनोग्राफी, कानाची तपासणी, हे सगळं बाळ छान दिसत असलं तरी. आयजीजी पॉझिटिव्ह येणारच, ते आईकडून आलेलं असतं. ते दर काही आठवड्यांनी मोजत राहायचं, वर्षाच्या आत उतरून निगेटिव्ह झालं तर बाळ सुटलं. उतरलं नाही किंवा वाढलं तर इन्फेक्शन. अंगावर पाजायला काही हरकत नाही.

बाळाला असेल तर तीच तीन औषधं साधारण एक वर्ष, वजन वाढेल तसा डोस बदलत, सीबीसी करत. हे वर्ष घरच्यांना कंटाळवाणं जातं, बाळ हसतंय-खेळतंय मग कशाला औषध म्हणून मधेच बंद केलं जातं, ते करू नका.

डोळे पहिली दोन वर्षं दर काही महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी, रेटिनाच्या डॉक्टरांकडे, चष्म्याच्या दुकानात नाही. जुना व्रण बारा-पंधराव्या वर्षी पण परत पेटू शकतो, तेव्हा मुलगा किंवा मुलगी धूसर दिसतंय, काळे ठिपके तरंगतात म्हणाली तर "मोबाईल कमी बघ" म्हणून उडवून लावू नका, दोनतीन दिवसांत पडदा तपासून घ्या आणि जन्माच्या वेळची फाइल सोबत न्या.